पिवळा ठिपका

सोत्कामो गावात ऊर्पोच्या गॅरेजमध्ये मी कामाला आहे. गाडीच्या एबीएस ब्रेकचा मॉड्यूल बदलायचा तर ऊर्पो आधी बॅटरी सोडवतो, नवा बसवून ब्रेकमधली हवा काढतो, मग गोठलेल्या तळ्यावर स्वतः गाडी पळवून करकचून ब्रेक मारतो. खात्री पटली की मॉड्यूलवर पिवळा ठिपका लावतो.

त्याच्या लेकीच्या, साइलाच्या गाडीतही मॉड्यूल त्यानेच बसवला होता. गेल्या हिवाळ्यात साइला लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली सापडून गेली. पोलीस म्हणाले, बर्फावरून गाडी घसरली. हा गाढव स्वतःलाच शिव्या घालत राहिला, "माझंच काम चुकलं."

काल गिऱ्हाईक ताउनो भंगारातून एक मॉड्यूल घेऊन आला. "जुना आहे, चालेल ना रे?"

त्यावर पिवळा ठिपका होता. ठिपक्याच्या बाजूला भंगारवाल्याने खडूने लिहिलेला साइलाच्या गाडीचा नंबर.

"दे इकडे, मी बघतो," मी म्हटलं. पण ऊर्पोनेही नंबर वाचला होता, त्याने माझं ऐकलं नाही. मॉड्यूल ताउनोच्या गाडीला जोडून त्याने त्यातली बिघाडांची जुनी नोंद वाचली. धडकेआधीचा एकही बिघाड नव्हता.

"मस्त! टाक बसवून," ताउनो म्हणाला.

ऊर्पो माझ्याकडे वळला. "मग आता मी शिव्या कुणाला घालू रे?"