पाचशेतून दोनशे त्रेसष्ट

२३ जानेवारी २०२५. सृष्टीचं उत्तर होतं दोनशे सदतीस रुपये, आणि ते बरोबर होतं. पाचशेची नोट देऊन दोनशे त्रेसष्टचं सामान घेतलं, तर परत किती? तिसरीच्या चाचणीत तिने नुसतं उत्तर लिहिलं होतं. मांडणी नाही, हातचा नाही. शेजारच्या तेजलचं उत्तर तेच, पण मांडणीसकट. मुख्याध्यापक यज्ञेश्वर सरांनी सृष्टीच्या पेपरवर लाल शाईत ‘नक्कल’ असं लिहिलं आणि आईला बोलवायला सांगितलं.

“आईला बोलावलं तर मी शाळेत येणारच नाय,” सृष्टी म्हणाली.

द्वारका चौकाजवळच्या त्या शाळेत वर्गशिक्षिका गायधनी बाईंची बरीच नोकरी झाली होती. शिकवायच्या जीव लावून, पण एक खोड होती. मुलाने वाक्य सुरू केलं की पुरं बाईच करायच्या. मुलं माना डोलवायची, आणि कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते कळायचं राहून जायचं. शेवटी त्यांनी स्वतःवरच उपाय काढला. “कसं केलंस, सांग,” म्हणायचं आणि तोंडात लवंग टाकायची. लवंग आहे तोवर गप्प.

“सर, आईला बोलावण्याआधी सृष्टीलाच विचारू,” बाई म्हणाल्या. सर वर्गात आले. बाईंनी लवंग टाकली.

“दोनशे त्रेसष्टला…” सृष्टी म्हणाली आणि अडली.

“माझी वही देऊ का गं?” तेजलने बाकावरून टोमणा मारला. वर्ग हसला. सरांनी घड्याळ पाहिलं.

पुढचे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण बोलल्या असत्या, तर सर म्हणाले असते, बाईंनीच पढवलंय. त्यांनी लवंग दाढेखाली दाबली.

“सर, तुम्ही गिऱ्हाईक व्हा,” सृष्टी एकदम म्हणाली. “पाचशेची नोट काढा. बाई, तुमची पर्स द्या ना.”

सरांनी नोट टेबलावर ठेवली. सृष्टीने पर्समधली नाणी आणि नोटा एकेक करून त्यांच्या हातावर टेकवल्या. “तुमचे झाले दोनशे त्रेसष्ट. हे सात, झाले दोनशे सत्तर. हे तीस, तीनशे. हे दोनशे, झाले पाचशे. आई दुकानात असंच देती. आता हातातले मोजा.”

सरांनी मोजले. “दोनशे सदतीस. हातचा लागलाच नाही की.”

“मग मी कशाला घेतला, तोपण दोनदा?” तेजल कुरकुरली.

“तुझंही बरोबरच आहे,” लवंग गालात सरकवत बाई म्हणाल्या.

सरांनी ‘नक्कल’ खोडून सही केली. आईला बोलावणं गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सृष्टी वेळेवर आली. सरांनी बाईंच्या नोटा लगेच परत केल्या होत्या, आपली पाचशेची उचलली होती. नाणी मात्र बोलता बोलता त्यांच्याच खिशात गेली. बाईंचे सात रुपये सरांकडे अजून बाकी आहेत.