माणूस घरी येईल

अण्णामामांच्या दुकानात पावशेर मोहरी घ्यायला पाऊण तास लागे. चिंचवडात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. पुडी बांधायला रद्दीचा कागद घेतला की आधी तो वाचायचा, आणि त्यावर जाहिरात असली तर जपून ठेवून दुसरा घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. "अण्णा, मोहरी देताय का वाचूनच दाखवताय?" बाया ओरडत. "दम खा की वैनी. मुंबैत एकाची बग्गी इकायची हाय, बघ." तो बग्गीवाला जाऊन साठ-सत्तर वर्षं झालेली असत.

कारण रद्दीच तशी होती. पुण्यातल्या कुठल्याशा बंगल्यातून एकोणिसाव्या शतकातली वर्तमानपत्रं आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची एक जाडजूड डिरेक्टरी त्यांना पोत्यानं मिळाली होती. घड्याळजी, अत्तरवाले, छत्रीवाले, मामांच्या लेखी सगळे अजून दुकान उघडून बसलेले. मी म्हणायचो, "मामा, ही माणसं आता नसतील हो." उत्तर ठरलेलं: "आरं, छापलंय त्ये. तोंडानं बोलल्यालं न्हाई." स्वतःच्या दुकानावर त्यांनी 'माल खराब निघाल्यास परत घेऊ' असं रंगवून घेतलं होतं, आणि अर्धी खाल्लेली खारीकसुद्धा त्यांनी परत घेतलेली मी पाहिली आहे. सगळं जग असंच चालतं, ही त्यांची समजूत.

मी तेव्हा पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून लागलो होतो. अंगात गुण एकच, अक्षर. बायको म्हणते, अजूनही तेवढाच.

मामींची नजर जाऊ लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलं ते गेलं. उरलंय ते वाचवायचं तर महिन्याभरात ऑपरेशन करा." घरी येताच मामांनी डिरेक्टरी काढली. त्यात एका चष्मेवाल्याची जाहिरात होती: 'दृष्टी कितीही मंद असो, आमचे भिंगाने दिसेल. पत्र टाकावे, माणूस घरी येईल.'

"डोळ्याला सुरी कशापाई लावायची? लिही."

"मामा, पण..."

"तू अक्षर काढ. अक्कल नगं."

मी काढलं. इतकं देखणं पत्र मी पुढे बायकोलाही लिहिलं नाही. ते 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत आलं. "पेढी हलली आसंल," मामा म्हणाले. मग जाहिरातीतल्या वखारीच्या पत्त्यावर दुसरं. मग शेजारच्या अत्तरवाल्याला तिसरं, 'आपले शेजारी कोठे गेले, कळवावे' म्हणून. आज स्पष्ट बोलायचंच, असं दर वेळी ठरवून जायचो. मामांनी दौत पुढे सरकवली की 'साष्टांग नमस्कार' लिहायला लागायचो.

तिसरं पत्र परत आलं तोवर चार महिने गेले होते. मग मामींना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी धरली, विझवली आणि आमच्याकडे न बघता हात धुतले.

पुढे एका दुपारी मामी ओट्यावर चाचपत शेंगा सोलत होत्या, मी समोर बसलो होतो. एकदम म्हणाल्या, "त्ये दुकान न्हाई, तुला ठावं हुतं न्हवं?"

"होय, मामी."

"मलाबी."

"मग बोलला का नाहीत?"

"त्येंची आई दवाखान्यात नेली ती माघारी आली न्हाई. माझ्यापरास त्येच भ्याले हुते. म्हटलं, लिहू दे चार दिस." शेंग फोडत त्या थांबल्या. "मला ठावं हुतं, ह्ये त्येंना सांगू नगंस."

मी मान वर केली. मामा अंगणात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मामींचा चेहरा त्यांच्याच दिशेला होता. मामांनी चपला हळूच काढून हातात घेतल्या, अनवाणी फाटकापर्यंत मागे गेले, तिथं त्या पायात घातल्या आणि मोठ्यानं खाकरत, पाय आपटत पुन्हा आले.

"काय चाललंय मामी-भाच्याचं?"

"काय न्हाई," मामी म्हणाल्या. "बसा. शेंगा सोला."