आमच्या कचेरीतला शिस्तीचा फासा

विषय: कचेरीतील प्रामाणिकपणाची चाचणी व तीत खाली सही करणाराने घातलेला घोळ.

उपरोक्त विषयी सादर करतो की घोळ संपूर्णपणे माझा आहे. दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय मी स्वतःच ठेवली नाही. चहा घ्या, सांगतो.

आंध्र आणि तेलंगणा वेगळे झाले त्या सुमाराची गोष्ट. आमच्या हैदराबादच्या कचेरीत कपाटंसुद्धा वाटली जात होती, तिथे माणसांचं काय? इथे कोण राहणार आणि आंध्रात विजयवाड्याला कोण जाणार, दिवसभर हेच बोलणं. आमच्या पिढ्या गौलीगुड्यात गेल्या. मला शहरातलंच हिमायतनगरसुद्धा परगाव वाटायचं.

त्याच हिमायतनगरातून वैदेही आली. विद्यापीठात हंगामी शिकवायची. माणसं खोटं कधी बोलतात, हा तिचा अभ्यास. हे संशोधन मान्य झालं की नोकरी कायम होणार होती. साहेबांची परवानगी घेऊनच आली होती.

"काका, सोपं आहे. एकेकानं आतल्या खोलीत जाऊन फासा टाकायचा आणि बाहेर येऊन आकडा सांगायचा. जितका आकडा, तितकी उस्मानिया बिस्किटं."

"आत बघायला कोण?"

"कोणीच नाही."

इथे माझं डोकं चाललं. सरकारी कचेरीत कोणी बघत नाही आणि वर बिस्किटं देतात? तेही बदल्यांच्या तोंडावर? जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना गोळा केलं. "ही चौकशी आहे. सगळे सहा-सहा म्हणालात तर सगळे विजयवाड्याला."

"फिर क्या करना, रावसाब?" आमचे टंकलेखक खाजामियाँ घाबरून म्हणाले.

मी आकडे वाटून दिले. साखरेचा त्रास असलेल्यांना एक-दोन, नव्या पोरांना पाच-सहा, आणि प्रत्येक आकड्याला माणसं मोजून सारखीच. स्वतःला एक घेतला. त्याग दिसायला हवा ना.

खाजामियाँ खोलीतून पडक्या चेहऱ्यानं बाहेर आले आणि माझ्या कानाशी लागले. "रावसाब, सच्ची में छे पड़े मेरेकू."

"दोच बोलना."

"नसीब छे दिया, तुम दो पे ला को छोड़े."

त्या दिवशी आमच्या कचेरीत एकही माणूस खरं बोलला नाही आणि वैदेहीच्या निष्कर्षात आम्ही कमालीचे प्रामाणिक ठरलो. तिनं तो निबंध परिषदेत वाचला, कौतुक झालं. आमच्यासाठी ती पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले.

आता त्या शास्त्राचा नियम असा की दुसऱ्यानं तीच चाचणी केली तर तेच हाती यायला हवं. दुसऱ्या गावच्या संशोधक मंडळींनी तिथल्या कचेरीत करून पाहिली. तिथे आकडे वाटून द्यायला माझ्यासारखा कोणी नव्हता. झाडून सगळे सहा म्हणाले. मग मंडळींनी वैदेहीचे आकडे तपासायला घेतले.

मी निवृत्त झाल्यावर ती कोठीच्या बाजारात भेटली, जुन्या पुस्तकांच्या दुकानाशी. वाळली होती.

"काका, ते म्हणतात आकडे मी घरी बसून लिहिले. खरा फासा इतका शिस्तीत पडत नाही म्हणे."

बरोबरच होतं. खऱ्या फाशाच्या अंगी थोडा गलथानपणा असतो. तो मी काढून टाकला होता. नोकरीभर दुसरं काय केलं मी?

तिथेच रस्त्यावर सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी मला एकदा विचारायचं होतंत, काका," एवढंच म्हणाली.

मी विद्यापीठाच्या समितीकडे अर्ज केला, खरं ते सगळं लिहून. उत्तर आलं: अर्जदार स्वतःच्याच कबुलीनुसार खोटे बोललेला असल्याने त्याचे म्हणणे साक्षीदाराशिवाय ग्राह्य धरता येत नाही.

साक्षीदार कुठून आणायचा? खाजामियाँ वाटणीत विजयवाड्याला गेले होते. त्यांना फोन लावला.

"लिख को देतौं, रावसाब. तुम बोले तो ना कैसा बोलूँ?" मग हळूच विचारलं, "लेकिन ये बार कित्ता बोलना?"

वैदेही अजून हंगामीच आहे. अर्ज समितीच्या विचाराधीन आहे.