दाक्षायणीचा नवस

सोलापुरात कडक भाकरी विकणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण गिऱ्हाइकाशी भांडून भाकरी देणारी दाक्षायणी एकच. "मऊ पायजे तर हितं कशाला आलाव?" असं ती तोंडावर विचारते, आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं शेंगाचटणीचं पुडकंही घेऊन जातं. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली तीही अशीच, मान ताठ ठेवून. धाकटा भाऊ मल्लेश तिला अक्का म्हणतो आणि तिच्यापुढं फारसं बोलत नाही.

मल्लेशची मुलगी दानेश्वरी आठव्या महिन्यात जन्मली. वजन पुरतं दीड किलोही नव्हतं. दवाखान्यात बघायला आलेल्या नात्यातल्या बायकांनी काचेतून पाहिलं आणि माना हलवल्या. एक तर बोललीच, "पोरगीच हाय. लई जीव लावू नगा." दाक्षायणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्या, असं नर्सनं सांगितलं होतं, पण पोरीची आई शांभवी तापानं फणफणली होती. दाक्षायणीनं जंपरची बटणं काढली, पोरीला छातीवर घेतलं, वरून लुगडं गुंडाळलं आणि त्या बायकांना म्हणाली, "जावा आता. पोर बाळसं धरली की हुग्गी खायला या."

तिथंच तिनं अक्कलकोटकडच्या आपल्या गावच्या बसवण्णाला नवस बोलला. पोर जगली तर दर जत्रेला तिची गुळानं तुला करीन.

दानी जगली. नुसती जगली नाही, अंगानं भरली. पहिल्या जत्रेला तिच्यापुरता गूळ एका पिशवीत मावला. पुढं ढेपांवर ढेपा चढू लागल्या, तशी दाक्षायणीची छाती फुगत गेली. जत्रा महिन्यावर आली की घरात गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, शिजायची, त्यावर तुपाची धार, दुपारी शेंगापोळी, संध्याकाळी दुधात बिस्किटं. पोर नको म्हणाली तरी आणखी एक घास. गावातली माणसं पारड्याभोवती जमून विचारायची, "दीड किलोची पोरगी ती हीच व्हय?" एवढं ऐकलं की दाक्षायणीला वर्षभर पुरायचं. जीव लावू नगा म्हणणाऱ्या बाईला ती मुद्दाम हाक मारून पुढं उभी करायची. याला भक्ती म्हणायचं की खुन्नस, हे बसवण्णालाच ठाऊक.

दानी आठ वर्षांची झाली तेव्हा तिच्या मानेवर काळा पट्टा उमटला. दाक्षायणी रोज डाळीचं पीठ लावून घासायची. पोर कळवळायची. "मळ हाय, गप बस," म्हणून ती आणखी जोरात घासायची. मान लाल झाली, पण काळेपणा गेला नाही.

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ती मान बघितली आणि दानीला दवाखान्यात बोलावून रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. मग घरच्यांना समोर बसवून सांगितलं, "हा मळ नाही. हिच्या अंगाला साखर पेलवेनाशी झालीय. अजून मधुमेह नाही, पण वाट तिकडेच चाललीय. यकृतावरही चरबी आलीय."

"आठ वर्साच्या पोरीला?" दाक्षायणी उसळली. "काडीसारखी हुती तवा वजन वाढवा, वजन वाढवा म्हणून तुमीच मागं लागला हुता की!"

"आम्हीच म्हणालो होतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि कुठं थांबायचं ते कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक. पोटात असताना कमी मिळालेल्या बाळाचं अंग थोडक्यात भागवायला शिकतं. मग त्याच्यावर खाण्याचा एवढा मारा केला की ते गडबडतं. सगळ्यांचंच असं होत नाही, पण अशा मुलांना जपावं लागतं. उपाशी ठेवू नका. भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, भाजी, ताक पोटभर द्या. गोड कमी करा. आणि खेळू द्या तिला."

रात्री दाक्षायणीनं झोपलेल्या दानीच्या मानेवर खोबरेल लावलं आणि घासून घासून सोललेल्या त्या मानेकडं बघून तिला रडू कोसळलं. पण रडून गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. सकाळी तिनं बिस्किटांचा डबा शेजारी देऊन टाकला, दानीला दोरीवरच्या उड्या मारायला लावलं आणि स्वतः शेजारी उभी राहून धापा टाकत उड्या मारल्या. शांभवी बघतच राहिली.

वर्षभरात दानी उंचीनं वाढली, अंगानं सडसडीत झाली. रक्त पुन्हा तपासलं तर पहिल्यापेक्षा बरं निघालं. भाऊबंद मात्र कुजबुजायला लागले. पोर वाळली, आत्या उपाशी मारते, असं मल्लेशच्या कानावर येऊ लागलं. जत्रेच्या आदल्या दिवशी तो कधी नव्हे तो बोलला. "अक्का, पोरीची तुला कमी भरली तर लोक काय म्हणतील? दप्तर पाठीवर घालूनच बसवू की तिला."

"देवाला फसवतोस व्हय रे?" एवढंच ती म्हणाली.

देवळासमोर तुला झाली. गेल्या वर्षीएवढाच गूळ पारड्यात होता. दानी बसली, पण तिचं पारडं वरच राहिलं. पुजारी मडिवाळप्पा हळूच म्हणाले, "लक्षण बरं न्हाय, दाक्षायणी. पोरीच्या मांडीवर दोन नारळ ठेव."

दाक्षायणी पुढं झाली. गुळाच्या पारड्यातली एक ढेप तिनं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली, तशी दोन्ही पारडी सारखी आली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कमी भरली म्हणून कुणी तोंड पाडू नगा. जेवढा गूळ माघारी चाललाय, तेवढं पोरीचं आयुष्य मी माघारी आणलंय. आणि ही शेवटची तुला. पुढच्या वर्सापासनं न्हाय."

"दर जत्रेचा नवस हाय तो. मोडणार?" मडिवाळप्पांचा आवाज चढला.

"मोडणार. नवस बोलले ती मी, आणि खाऊ घालून पोरीचं वाटोळं करत हुते तेबी मीच. बसवण्णाला कोपायचं तर माझ्यावर कोपू दे, मी हितंच हाय. पोरीला हात लावायचा न्हाय, देवानंबी न्हाय."

मल्लेश बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला. गेल्या जत्रेत दानीला पारड्यातून उतरवायला दोघं लागले होते. यंदा ती कुणाचा हात न धरता उडी मारून उतरली आणि पोरांच्या घोळक्यात पळाली.