जत्रेच्या तोंडावर कॉलरा

तिसरा पेशंट आला तेव्हा माझ्याकडे कॉट उरली नव्हती. त्या बाईला बाकड्यावरच झोपवलं आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली. तिघंही एकाच आळीतले. भाताच्या पेजेसारखे पांढरे जुलाब, डोळे खोल गेलेले. मनात कॉलराची शंका आली.

लासुर्ण्याजवळच्या एका छोट्या गावात मी दवाखाना चालवते. जत्रा दोन दिवसांवर आली होती.

कॉलरा हा कळवण्याचा आजार. म्हणजे नुसती शंका आली तरी डॉक्टरने सरकारी आरोग्य केंद्राला सांगायचं. लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. मी फोन उचलला, तेवढ्यात नामदेवराव आले. गावचे सरपंच, आणि माझ्या दवाखान्याच्या जागेचे मालक.

आमच्याकडे जत्रेला घरोघरी मटण शिजतं. ज्या घरी पाहुणा फिरकला नाही, त्या घराला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. त्यामुळे त्यांची अडचण मला कळत होती. त्यांचं म्हणणं, सध्या नुसती पोटं बिघडलीत म्हणा, जत्रा उरकली की काय ते कळवा.

"पाहुणे येणार म्हणूनच आज कळवते," मी म्हणाले. "ते इथलं पाणी पितील आणि आजार आपापल्या गावी नेतील."

"मॅडम, जागा माझी हाय, एवढं ध्यानात ठेवा."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. नवऱ्याची लोणी देवकरच्या कंपनीतली नोकरी कंत्राटी, घर चालायचं ते दवाखान्यावर. पण बाकड्यावरच्या बाईची नाडी हाताला लागेना. मी त्यांच्यासमोरच नंबर लावला.

दुपारी टीम आली. पाण्याची पाइपलाइन गटारातून गेलेली, आणि नेमकी तिथंच फुटलेली. आळीचं पाणी बंद केलं, टँकर आला, घरोघर क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या. त्या बाईला बारामतीला हलवलं, ती वाचली. रिपोर्टही कॉलराच आला. जत्रेला पाहुणे थोडे कमी आले, पण त्यांतलं कुणी आजारी पडलं नाही.

महिना संपायच्या आत नामदेवरावांनी जागा खाली करायला सांगितली. वाईट वाटलं, रागही आला. आजार कळवा असं कायदा सांगतो; कळवणाऱ्या भाडेकरूचं पुढं काय, ते सांगत नाही. आता माझा दवाखाना स्टँडसमोर आहे.

परवा नामदेवरावांच्या आई तिथं आल्या, बीपीच्या गोळ्या घ्यायला. जाताना म्हणाल्या, "मी हितं येती, हे लेकाला सांगू नगा."

"नाही सांगत, आजी. बीपी कळवण्याच्या आजारांत येत नाही."