कांद्यांतून सोडवलेलं मशीन

मावशीने दार उघडलं आणि पाणीसुद्धा विचारायच्या आधी म्हणाली, "मशीन ने खुशाल. पण माझे कांदे कुठे ठेवू ते सांगून जा."

प्रश्न रास्त होता. कोथरूडच्या तिच्या बाल्कनीत आमचं जुनं, दोन टबांचं वॉशिंग मशीन कित्येक वर्षं उभं होतं. धुण्याच्या टबात कांदे, पिळण्याच्या टबात बटाटे आणि झाकणावर कोरफडीची कुंडी. मी शाळेत असताना आईने ते घेतलं होतं. पुढे घरात नवं ऑटोमॅटिक आलं, तेव्हा तिने ते धाकट्या बहिणीला देऊन टाकलं. मावशीकडे ते थोडे दिवस चाललं, मग बंद पडलं आणि त्याची बदली भाजीपाला खात्यात झाली.

मला ते परत हवं होतं, कारण आईने विहारात जाणं सोडलं होतं.

आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत तिचा जगात कुणावर विश्वास नाही. दर पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारात जायची, आणि ती साडी स्वतः धुतलेली, स्वतः नीळ दिलेलीच असायची. गेल्या वर्षी तिचं मनगट मोडलं आणि पिळणं संपलं. नव्या मशीनचं दार जुन्याच्या झाकणासारखं नाही, एकदा लागलं की लागलं. शेवटच्या पाण्यात नीळ घालायची तर ते उघडत नाही, आणि साबणाच्या खणात घातली तर साडीवर ठिपके पडतात. मी बादलीत नीळ करून दिली, तर म्हणाली, "तुझी नीळ ढगाळ पडते." साड्या पिवळट होत गेल्या आणि आई गुडघे दुखतात म्हणून घरी बसायला लागली. मी फारच मागे लागले तेव्हा खरं बोलली. "दुसऱ्याने धुतलेली पिवळट साडी नेसून मी तिथे बसणार नाही. विषय संपला."

मला रागही आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मी काहीतरी वेडेपणा करते.

तर मावशीला एक टोपली घेऊन दिली, कांदे सोडवले आणि मशीन रिक्षात आडवं घातलं. उरलेल्या कोपऱ्यात मी, मांडीवर मशीनचं झाकण. रिक्षावाला येरवड्याला आमच्या घरापर्यंत आरशातून बघत होता. एका सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी विचारलं, "काय, दुरुस्तीला?" मी म्हटलं, "नाही हो, माहेरी चाललंय." काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग ओटी भरली का?" मी इतकी हसले की झाकण हातातून सुटलं.

आईने मशीन बघून कपाळाला हात लावला. "हे भंगार कशाला आणलंस? तुला काय कळतं त्यातलं?" मला काहीच कळत नव्हतं, पण मोबाईलवर हजार लोक शिकवायला बसले आहेत. मी मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत कांद्याची सालं! नळीत सालं, मोटरवर सालं, टबाच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीखाली तर सालांची गादीच. आई लांबून बघत होती, मग जवळ आली, मग स्टूल घेऊन बसली. स्टूल आलं तेव्हाच मी मनातल्या मनात नाचले. दवाखान्यात डॉक्टरांना द्यायची तशी ती मला पक्कड, स्क्रूड्रायव्हर, चिंधी देत होती, मागायच्या आधीच. वर बोलणीही खात होते मी, ती वेगळीच. "हळू. पेशंट पळून जात नाहीये."

मोटरचा पट्टा पार विरला होता. तो घेऊन मी बुधवार पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार पेपर वाचत होते.

"मिळणार नाही."

"अहो, आपण बघितलाही नाहीत."

त्यांनी पेपर खाली ठेवला, पट्टा बघितला. "आता बघितला. मिळणार नाही." आणि मी पायरी उतरल्यावर मागून आवाज आला, "घरघंटीचा बसेल. पाहिजे असेल तर या परत." मोजला, तर लांबी तंतोतंत! मी दुकानातच टाळी वाजवली. त्यांनी पुन्हा पेपर वर घेतला.

पट्टा बसला, प्लग लावला, बटण फिरवलं. चकती गरगरली. मी किंचाळले. मग आईने पिळण्याचा टब सुरू केला, आणि मशीन थरथरत बाथरूमच्या दाराकडे निघालं. मी धावत जाऊन त्याच्यावर बसले. माझे दात वाजत होते, बोलायला गेले तर शब्दांचे तुकडे पडत होते, आणि आई भिंतीला धरून हसत होती. "उतर खाली, मोटर बसेल त्याची!" वर्षभरात ती अशी हसली नव्हती.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सकाळी तिने साडी टबात घातली. मला बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. शेवटचं पाणी आलं, तिने झाकण उघडलं आणि फडक्यात बांधलेली निळीची पुरचुंडी पाण्यात सोडली, तिच्या पद्धतीने. गाठ मी मारून देते म्हटलं होतं. "मला येते," म्हणाली. मनगटात जोर नव्हता, गाठ सैल होती. चकतीने दोन गिरक्या घेतल्या आणि पुरचुंडी सुटली. पाणी गडद निळं झालं. आईने बटण बंद करून साडी वर काढली. ती आता पांढरी नव्हतीच. आकाशी होती, पदरापासून निऱ्यांपर्यंत एकसारखी.

आता ही पुन्हा कधी विहारात जायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "आई, पाच-सहा पाण्यातून काढू, निघेल."

आईने साडी उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली. "ढगाळ नाही पडली," म्हणाली, आणि ती पिळायच्या टबात घातली.

दुसऱ्या दिवशी विहारात सगळ्या पांढऱ्या साड्यांमध्ये आई पुढच्या रांगेत ताठ बसली होती. वंदना झाल्यावर शेजारच्या बाईंनी तिचा पदर हातात घेऊन विचारलं, "ताई, नवीन घेतलीत का हो?"

"नवीन कुठली? माझीच आहे," आई म्हणाली. "मी धुतली."