रिकाम्या सप्लायची भूक

कुठलंही डिझाईन डिपार्टमेंट घ्या, टेबलाखाली दोनच गोष्टी साठतात: जळालेले पार्ट आणि किस्से. पार्ट आम्ही दर दिवाळीला झाडून टाकायचो. किस्से मात्र राहिले!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमची छोटी कंपनी पॉवर सप्लाय बनवायची, म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला झेपेल इतकी खाली आणणारे डबे. यंत्र जोरात चालू असलं की डबा उत्तम. यंत्र निवांत बसलं की मात्र डबा उगाच वीज खायचा, तापायचा. ही रिकामी खा-खा कमी करायचं काम माझ्या आणि जाधवच्या गळ्यात पडलं.

शेठना हे समजावलं जाधवने.

"शेठ, पुढे काही जोडलेलं नसलं तरी सप्लाय वीज घेतो."

"मग करतो काय तिचं?"

"काही नाही. नुसतं जागं राहायला लागते."

शेठनी डिपार्टमेंटभर नजर फिरवली. चौघं चहा पीत होते.

"म्हणजे हा प्रॉब्लेम फक्त सप्लायचा नाही तर!"

*

कायम तापत बसणारा एक रेझिस्टर आम्ही काढून टाकला. नवा लॉट तपासणीला गेला आणि सगळाच्या सगळा रिजेक्ट! तपासणीला भामरे काका, सटाण्याचे. समोर मीटर असलं तरी त्यांचा विश्वास हातावर. डबा गरम लागला की पास.

"काका, बिघडलंय काय?"

"माल थंडा शे!"

"अहो, थंड राहावा म्हणून तर राबलो!"

"मंग चालू शे का बंद शे, कसं समजी?"

लॉट शेवटी पास झाला. उन्हात ठेवून!

*

जाधवची खरी युक्ती वेगळीच. काम कमी असलं की सप्लायने डुलकी काढायची, व्होल्टेज उतरलं की दचकून उठायचं, परत डुलकी. वीज वाचली, पण या उठबशीत डबा बारीक 'ची ची' करायला लागला.

लासलगावहून एका कांदा व्यापाऱ्याचा फोन. "साहेब, तुमच्या डब्यात उंदीर हाय!"

जाधव एसटीने गेला. वजनकाट्याच्या डब्याशेजारी पिंजरा, पिंजऱ्यात भजं. जाधवने काट्याचा प्रिंटर चालू केला. लोड वाढला, आवाज बंद.

"बघा, काम सुरू झालं की आवाज जातो."

"तेच म्हणतोय मी! माणसं आली की गप बसतं. लय हुशार बेणं हाय!"

जाधवने डबा परत आणला, आतल्या ट्रान्सफॉर्मरला वार्निश पाजलं. 'ची ची' थांबली. व्यापाऱ्याने मार्केटभर सांगितलं, "नाशिकचे साहेब उंदीर काय धरतात!"

*

जाधव कुटुंबासह कळवणला लग्नाला गेला. जाताना घरातलं फ्रीजसकट सगळं बंद केलं आणि नवे सप्लाय तेवढे चाचणीसाठी चालू ठेवले. वीज इतकी कमी लागली की मीटरची चकती हललीच नाही. जाधव खूश!

पुढचं बिल आलं: मीटर नादुरुस्त, सरासरी आकारणी.

तो तणतणत वीज मंडळाच्या ऑफिसात गेला. "मीटर चांगलं आहे हो! माझं सामान चालू असतं, पण वीजच घेत नाही!"

समोरच्या क्लार्कने आवाज एकदम खाली आणला. "असं मोठ्याने बोलू नका. वीजचोरीची केस होईल!"

*

पुढे परदेशी ऑर्डरची बोलणी लागली. अट एकच: रिकाम्या सप्लायने वीज जवळजवळ खायचीच नाही. मोजायला तिकडून एक गोरे साहेब आले. ऑर्डर मिळाली, ती दुसऱ्या दिवशी नीट मोजून. पण पहिल्या दिवशीची मजा वेगळीच.

भर दुपार, खिडकीतून लख्ख ऊन. साहेब बॅटरीवरच्या मीटरवर वाकलेले. आकडा खाली, आणखी खाली... आणि थेट शून्य!

साहेबांचे डोळे विस्फारले. जाधवने वर पाहिलं. पंखा थांबत होता. लोडशेडिंग!

शेठ डोळ्यांनी 'गप बस' म्हणत होते. पण आपल्या मेहनतीला असलं फुकटचं शून्य जाधवला सोसेना. त्याने होतं तेवढं इंग्रजी गोळा केलं.

"सर, करंट गॉन!"

साहेबांनी त्याचा हात धरून गदागदा हलवला. "यस! कंप्लीटली गॉन! हाऊ डिड यू डू इट?"

शेठ पुढे झाले.

"टीमवर्क, सर!"